लाखेनं चिकटवलेलं ऊन

आमच्या दुकानात भरदिवसाही अंधार असायचा आणि तो आम्ही मुद्दाम ठेवलेला होता. गलाईचं काम अंधारातच करायचं असतं. सराफांकडून मोडीची चांदी यायची, ती आम्ही भट्टीत वितळवून, शुद्ध करून लगड परत द्यायचो. मातीच्या मुशीत चांदी टाकली की तिला किती ताव आला ते रंगावरून ओळखायचं, आणि रंग दिसायचा तर खोलीत उजेड नको. आधी काळपट लाल, मग कुंकवासारखी, मग नारिंगी, आणि मग एकदम थरथरायला लागते, तेव्हा ओतायची. हे मला कुणी पुस्तकात दाखवलं नाही. माझी शाळा चौथीत संपली. ती मी संपवली का मास्तरांनी, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत.

सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली आमची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, लखनौला चौक नावाच्या जुन्या बाजारात येऊन बसले होते आणि मिसरूड फुटल्यावर मीही त्यांच्याकडे गेलो. खाली दुकान, दुकानामागं आमची राहायची खोली, मधे छोटं अंगण, आणि अंगणाभोवती वरच्या मजल्यावर घरमालक अख्तरमियाँ, त्यांची बायकापोरं आणि त्यांची म्हातारी आई. आईंना सगळा मोहल्ला अम्मी म्हणायचा, म्हणून आम्हीही. सगळ्यात वर छत, आणि छत कबुतरांचं. अख्तरमियाँ सकाळ-संध्याकाळ तिथं उभे राहून "आओ, आओ" असा गळा काढायचे. त्या छतावर माणसानं जायचं तर कबुतरांची परवानगी लागायची, असं तात्या म्हणायचे.

शेजारी चांदीचा वर्ख कुटणारे होते. चामड्याच्या पुडक्यात चांदी घालून सकाळपासून हातोड्या चालायच्या, ठक-ठक, ठक-ठक. काकी खलबत्त्यात ठेचा कुटायला बसली की तिचा हात आपोआप त्यांच्या ठेक्यात पडायचा आणि ठेचा नको तितका बारीक व्हायचा. वरून अम्मी कधी शीरमाल पाठवायच्या, तूप लावलेली, केशराच्या वासाची रोटी. रिकामं ताट परत कसं पाठवायचं म्हणून काकी त्यावर बाजरीची भाकरी आणि ठेचा ठेवायची. पहिल्या वेळी अम्मी दुपारभर खोकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुन्हा खाली पाठवलं आणि निरोप दिला, की ती हरी चटनी थोडी जास्त द्या.

खोकल्या म्हटलं, पण तो खोकला ठेच्याचा असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. अम्मींना दमा होता, आणि त्यांची खोली बरोबर आमच्या भट्टीच्या वर. कोळशाचा धूर अंगणातून वर चढायचा आणि पहिल्यांदा त्यांच्याच खिडकीत शिरायचा.

अख्तरमियाँ मग रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. येऊन बसायचे, चहा घ्यायचे, गावाकडं पाऊस कसा आहे विचारायचे, तात्यांच्या टोपीच्या पांढरेपणाची तारीफ करायचे आणि जायचे. ते गेले की तात्या मला विचारायचे, "काय म्हणला रं त्यो?"

"तब्येत विचारत होते."

"मग रोज कशाला इचारतोय? मी काय मराय लागलोय?"

असं आठवडाभर चाललं. शेवटी काकीनंच ओळखलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अवो, त्यो आपल्याला खोली सोडा म्हणतोय."

दुसऱ्या संध्याकाळी मी सरळ विचारलं. अख्तरमियाँना इतकं संकट पडलं, की त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "नामदेव मियाँ, हमारा क्या है, हम तो धुएँ में ही पले हैं. मगर डॉक्टर साहब फ़रमाते हैं, या धुआँ जाए या अम्मी. अब अम्मी को तो हम भेज नहीं सकते." बरसातीच्या आधी खोली मोकळी झाली तर मेहरबानी होईल, म्हणाले, आणि जाताना उलट आमचीच माफी मागून गेले. आमच्याकडं अशा वेळी निदान भांडी तरी फेकतात. माणसाला कळतं आपण कुठं उभे आहोत ते.

तात्यांनी रात्रभरात हिशेब केला. चौकात भट्टीला दुसरी जागा कुणी देत नव्हतं. ते आणि काकी एका ओळखीच्या गलाईवाल्याकडं सामावून जाणार होते. तिथं माझी जागा नव्हती. "तू गावाकडं जा," ते म्हणाले. "मेंढरं हायती की. त्यास्नी काय तुझी वळख लागती?"

आता माझं सांगतो. मी गावातून निघालो तेव्हा गळ्यात हार घालून निघालो होतो. एस.टी.च्या खिडकीतून मास्तरांना ओरडून सांगितलं होतं, की आता आलो तर मोटारीनं येईन. मेंढरांमागं जाणं मला जड नव्हतं. पण ती मेंढरं मास्तरांच्या दारावरूनच चरायला जायची.

त्याच आठवड्यात देशपांडेसाहेबांकडं जाणं झालं. साहेब बँकेत होते, सांगलीचेच, राहायला गोमती नगरात. त्यांच्या घरची देवाची मोडकी निरांजनं आम्ही आटवून दिली होती, ती चांदी पोचवायला मी गेलो. वहिनींनी जेवायला बसवलं. वरण-भात. नंतर म्हणाल्या, "कुणी शिजवलं माहीत आहे का? सूर्यानं." मला वाटलं आचारी ठेवलाय. मग साहेबांनी गच्चीवर नेऊन दाखवलं. काळ्या रंगाची पेटी, वर काच, झाकणाला आरसा. त्यात डबे. ना जाळ, ना धूर. मी कितीतरी वेळ ती पेटी हुंगत उभा होतो.

"अरे, हे काहीच नाही," साहेब म्हणाले. "हे नुसतं कोंडलेलं ऊन. तेच वाटीसारख्या मोठ्या आरशानं एका ठिपक्यावर आणलं तर लोखंड लाल होईल."

"चांदी वितळंल?"

"तत्त्वतः वितळेल."

तत्त्वतः हा शब्द मला माहीत नव्हता. मी तो 'हो' म्हणून घेतला. साहेब पुढं म्हणाले, "पण एक आहे, नामदेव. सूर्य सरकतो. त्याच्याबरोबर ती वाटी सारखी फिरवत राहावी लागेल, नाहीतर ठिपका भलतीकडं जाईल."

"सूर्य कुठं पळून जातोय का, साहेब?" मी म्हणालो. आमची भट्टी इतकी वर्षं एका जागी बसलेली, तिला कधी कुणी फिरवली नव्हती.

तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. अख्तरमियाँना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. बिनधुराची भट्टी होत असेल तर छताची एक बाजू एका दिवसापुरती मिळेल, कबुतरं त्या दिवशी खुराड्यात राहतील, असं त्यांनी कबूल केलं. मी म्हणालो, चांदी वितळली तर आम्ही राहणार, नाही वितळली तर मी त्याच दिवशी गाडी पकडणार. तात्या म्हणाले, "पैज लावायला तुला कुणी सांगितलं होतं?" कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घराण्यात सांगावं लागत नाही.

केबलचे दिवस नुकतेच आले होते आणि मोहल्ल्याच्या केबलवाल्याची एक मोठी, वाटीसारखी खोलगट तबकडी माकडांनी नाचून नाचून तडकवली होती. ती मी मागून आणली. आरसे कापणाऱ्याकडून उरलेले तुकडे आणले. ती उभी धरायला मोडक्या खाटेच्या लोखंडाचा घोडा केला. राहिलं चिकटवायचं. आता सराफ्यात वाढलेल्या माणसाला चिकटवायचं म्हटलं की दुसरं काय आठवणार? लाख. दागिना घडवताना सोनार लाखेत बसवतात, खडा लाखेत बसवतात, फुटलेली मूठ लाखेनं जोडतात. मी लाख तापवून तापवून, मऊ करून करून, एक एक तुकडा बसवला. चार दिवस माझी बोटं भाजत होती. उन्हानं लाख मऊ होईल हे माझ्या डोक्यात का आलं नाही, असं आमची ही आजही विचारते. हिला कळत नाही, की माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. आमच्या नात्यातही अशी दोन घरं आहेत.

गिऱ्हाइकाची चांदी द्यायला तात्या तयार नव्हते. तेव्हा काकीनं आपलं जुनं जोडवं काढून माझ्या हातावर ठेवलं. "घे," म्हणाली. "वितळलं तर नवं करून घालीन. नाय वितळलं तर हेच घालीन."

जेठाचा महिना, लखनौचं ऊन. सकाळी नऊ-दहालाच छत तव्यासारखं. अख्तरमियाँचं सगळं घर वर आलं, देशपांडेसाहेब काळा गॉगल लावून स्कूटरवर आले, आणि वर्ख कुटणाऱ्यांनी हातोड्या ठेवून दिल्या. ती ठक-ठक थांबली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. अम्मी तेवढ्या खाली आपल्या खोलीत होत्या. त्यांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर दिवसभर कुणीतरी पाणी मारायचं म्हणजे आत गार आणि सुवासिक वारा. त्या दिवशी पाणी मारणारं माणूसही मजा बघायला छतावर आलेलं होतं. हे नंतर महत्त्वाचं ठरलं.

मी जोडवं मुशीत टाकलं आणि तबकडी फिरवून ठिपका बरोबर मुशीवर आणला. हात जवळ नेला तर केस जळाल्याचा वास आला. मला रडू यायचं बाकी होतं. पण काकी म्हणाली, थांब. नवी भट्टी, पूजा न करता पेटवायची कशी? तबकडीला हळद-कुंकू लागलं, उदबत्ती लागली, नारळ फुटला, आरती झाली. अख्तरमियाँनीही दोन्ही हात जोडून ती अदबीनं ऐकली. आरती संपेपर्यंत ठिपका मुशीवरून उतरून शेजारच्या विटेवर जाऊन बसला होता.

"नामदेव, सूर्य सरकला रे," साहेब म्हणाले.

"आधी प्रसाद घ्या, साहेब."

पुन्हा जुळवलं. आता सगळे वाट बघत राहिले. तात्या मुशीजवळ उकिडवे बसले, पण त्यांना काही उमगेना. "रंगच दिसंना," ते पुटपुटले. "लाल हाय का काळी हाय, ह्या उजेडात कसं कळायचं? हितं अंधार पायजे." आणि जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. खांद्यावरची घोंगडी उलगडून मुशीवर आडवी धरली आणि अंधार केला. अंधार झाला. ऊन गेलं.

"तात्या, त्या उन्हानंच तर चांदी वितळायचीय," साहेब म्हणाले.

"मग बघू नको व्हय? आंधळ्यानं वतायची का चांदी?"

या मुद्द्यावर दोघांचा वाद झाला, आणि खरं सांगायचं तर तात्यांचा मुद्दा मला आजही पटतो. शेवटी घोंगडी बाजूला झाली, पण तात्यांचं समाधान होईना. भट्टीत डोकावतात तसे ते वाकून मुशीत डोकावले. थोड्या वेळानं अख्तरमियाँ पुढं आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हुज़ूर, गुस्ताख़ी माफ़ हो. आपकी टोपी से कुछ धुआँ-सा उठ रहा है."

तात्यांनी टोपी काढून बघितली. मधोमध तपकिरी भोक. ती टोपी ते पुढं भोकासकट घालत. कुणी विचारलं तर म्हणत, पुतण्यानं केलंय.

याच गडबडीत पहिला तुकडा घसरला. मी बघितलं, तो हळूच, लाज वाटल्यासारखा खाली सरकला आणि त्याचं ऊन समोरच्या भिंतीवर जाऊन पडलं. मी तो दाबून वर केला तर दुसरा सरकला. मग तिसरा. लाखेनं माझं ऐकायचं सोडून दिलं होतं. बघता बघता उन्हाचे कवडसे सगळ्या मोहल्ल्यात हिंडायला लागले. एक कबुतरांच्या खुराड्यात गेला आणि आत दंगल झाली. एक पलीकडच्या छतावर कुरते वाळत घालणाऱ्या बाईंच्या तोंडावर गेला आणि तिथून मला अशा शिव्या ऐकू आल्या, की लखनौच्या अदबीबद्दल माझं मत जरा सुधारलं. मी दोन्ही हातांनी तुकडे दाबतोय, साहेब ओरडतायत "आधी तबकडी फिरव", तात्या ओरडतायत "आधी माझं जोडवं काढ", जणू जोडवं त्यांच्याच पायातलं होतं. त्या झटापटीत घोड्याचा एक पाय विटेवरून सुटला आणि सगळी तबकडी पुढं कलून अंगणात वाकून बघायला लागली.

आणि मग धूर निघाला. माझ्या बिनधुराच्या भट्टीचा पहिला धूर थेट अम्मींच्या खिडकीतून निघाला. वाळ्याचा पडदा, पाणी न मारलेला, खडखडीत वाळलेला, एका कोपऱ्यात धुमसत होता.

जिना उतरताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त मेंढरं होती. अख्तरमियाँनी घागरभर पाणी टाकून पडदा ओढून काढला. धूर विरला. खोलीत अम्मी खाटेवर ताठ बसलेल्या. पडदा गेल्यामुळं तबकडीवर अजून चिकटून राहिलेल्या तुकड्यांचं ऊन सरळ आत आलं होतं. भिंतीवर, रजईच्या गाठोड्यावर, अम्मींच्या मांडीवर. ती खोली मी इतक्या वेळा पाहिली होती, पण तिच्या भिंतींना हिरवा रंग आहे हे मला त्या दिवशी कळलं. अम्मींनी एक हात त्या उन्हात धरला होता आणि तो उलटसुलट करून बघत होत्या.

"अख़्तर," त्या म्हणाल्या, "यह धूप किसकी है?"

अख्तरमियाँनी माझ्याकडं बघितलं. "नामदेव मियाँ की है, अम्मी."

अम्मींनी मला जवळ बोलावलं. मी मान खाली घालून गेलो. "बेटा," त्या म्हणाल्या, "जेठ में धूप कौन लाता है? पूस में लाना. पूस में इस कमरे में मेरी हड्डियाँ बजती हैं." पूस म्हणजे आपला पौष, ऐन थंडीचा.

"अम्मी, ये लोग तो बरसात से पहले जा रहे हैं," अख्तरमियाँ म्हणाले.

अम्मींनी उन्हातला हात त्यांच्याकडं केला. "तो पूस में धूप कौन लाएगा? तुम्हारे कबूतर?"

खाली वर्खवाल्यांच्या हातोड्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या संध्याकाळपासून अख्तरमियाँ परत चहाला यायला लागले. गावचा पाऊस विचारायचे, टोपीतल्या भोकाबद्दल हळहळायचे आणि छतावर पूर्वेकडं वारा किती छान वाहतो ते सांगायचे. आठवड्यानं काकी भाकरी उलटता उलटता म्हणाली, "अवो, त्यो भट्टी छतावर न्या म्हणतोय." नेली. कबुतरांनी एक कोपरा सोडला, पत्र्याचं उंच नळकांडं बसलं, धूर परस्पर आभाळात जायला लागला, आणि तात्यांनी चारी बाजूंनी गोणपाट लावून छतावर आपला अंधार करून घेतला. मी गावाकडं गेलो नाही. गेलो तो पुढं लग्नाला, आणि तेही एस.टी.नंच. पण मास्तर त्या दिवशी परगावी होते.

परवा पोरानं मोबाइलवर दाखवलं. वाळवंटात कुठंतरी आरशांचं रान उभं केलंय, सगळे आरसे ऊन एका जागी टाकतात, त्यावर पाणी उकळून वीज काढतात. "बाबूजी, देखिए, सूरज के साथ अपने आप घूमते हैं," तो म्हणाला. मराठी त्याला समजतं, पण तो बोलत नाही. मी विचारलं, आरसे कशानं चिकटवलेत? ते त्याला सांगता आलं नाही. इंजिनिअर आहे.

काकीचं जोडवं वितळलं नव्हतं, असं तात्या मरेपर्यंत सांगत होते. ते आता हिच्या पायात आहे. त्याची एक कड चपटी आहे. तात्यांच्या मते ती तबकडी मुशीवर कलली तेव्हा चेपली. माझं म्हणणं त्या दिवशी होतं तेच आज आहे. ती कड वितळायला लागली होती.

त्या वर्षी पूस आला. मी ती तबकडी मोडून, तुकडे एका सपाट फळीवर बसवले. लाखेनंच. थंडीत लाख दगडासारखी राहते, हे मी मुद्दाम साहेबांना ऐकवलं. धुकं असलं की काही इलाज नसायचा आणि अम्मी त्याचा दोष मलाच द्यायच्या. धुकं फाटलं की मी छताच्या कडेला बसायचो, एका हातात मख्खन-मलाईचा द्रोण, दुसरा हात फळीवर. खालून आवाज यायचा, "नामदेव, धूप घुटनों से उतर गई." मी फळी बोटभर फिरवायचो. आवाज यायचा, "हाँ, बस."

एका रविवारी देशपांडेसाहेब आले. मला तसं बसलेलं बघून त्यांना फार आनंद झाला. "काय नामदेव," म्हणाले, "फिरवतोस ना शेवटी? सूर्य सरकतो की नाही?"

"सूर्य नाही सरकत, साहेब," मी म्हणालो. "अम्मींची खाट सरकते."

खालून आवाज आला, "नामदेव, धूप चली गई." मी साहेबांकडं पाठ केली आणि फळी बोटभर फिरवली.